पाडव्याला सुपरझूम कॅमेरा देताय? बिल करण्याआधी हे वाचा



दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या दुकानात एक ठरलेलं वाक्य ऐकू यायला लागतं. "मॅडम, मिसेसना पाडव्याला कॅमेरा द्यायचाय. सगळ्यात जास्त झूमवाला दाखवा." बायकाही येतात. "ह्यांची पन्नाशी आहे, पक्ष्यांचं वेड आहे, तो लांबचं दिसणारा कॅमेरा कितीला?" दोघांच्या प्रश्नात एक गोष्ट सारखी असते. झूमचा आकडा पाठ असतो, पण कॅमेरा ज्याच्या हातात जाणार त्याला नक्की काय हवंय, हे कोणीच विचारलेलं नसतं.

व्हिडिओमध्ये दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहिते. आणि माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: जोडीदारासाठी सुपरझूम घेताना सरप्राईज तारखेचं ठेवा, वस्तूचं ठेवू नका. कॅमेरा त्यांना हातात धरून बघू द्या, मगच बिल करा. मी स्वतः कॅमेरे विकते, तरी हेच सांगते.

पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा

बीबीएला असताना आम्हाला शिकवलं होतं की खरेदी करणारा आणि वापरणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तेव्हा परीक्षेपुरतं लिहिलं. दुकानात बसल्यावर त्याचा अर्थ कळला. बाळाचं दूध बाळ विकत घेत नाही, शाळेचा गणवेश मुलगा निवडत नाही. गिफ्टचं तसंच. पैसे देणारा स्वतःच्या नजरेने बघतो आणि स्वतःच्या नजरेला सगळ्यात आधी दिसतो तो खोक्यावरचा मोठा आकडा.

एक होलसेलवाले दादा आले होते. कागदावर लिहूनच आणलं होतं, "१२५ एक्स". बजेटची अडचण नव्हती. मी विचारलं, "वहिनी फोटो कशाचे काढतात?" म्हणाले, "काढते मोबाईलवर, फुलं, पक्षी, काय काय." म्हटलं, घरी फोन लावा, नाव कॅमेऱ्याचं काढू नका, नुसतं विचारा की फिरायला जाताना जड काही धरायला चालेल का. त्यांनी स्पीकरवर लावला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, माझं मनगट दुखतंय दोन महिने झाले, पिठाचा डबा उचलवत नाही, आणि तुम्ही कुठे विचारताय?"

दादा गप्प झाले. १२५ एक्सवाला निकॉन कूलपिक्स पी१००० जवळजवळ १.४ किलोचा आहे. तो घरी गेला असता तर पूजेला लागला असता आणि नंतर कपाटात गेला असता. त्यांना दोन महिन्यांचं दुखणं माहीत नव्हतं, हा भाग मी इथे वाढवत नाही. तुम्ही समजून घ्या.

सुपरझूम म्हणजे नेमकं काय?

लेन्स न बदलता येणारा, पण एकाच लेन्सने अगदी रुंदपासून अगदी लांबपर्यंत जाणारा कॅमेरा. याला ब्रिज कॅमेरा असंही म्हणतात. दिसायला डीएसएलआरसारखा, आत मात्र मोठा फरक आहे. तो पुढे येतोच.

आधी "एक्स"चा हिशोब करू. एक्स म्हणजे सगळ्यात लांबच्या आकड्याला सगळ्यात रुंद आकड्याने भागणं. निकॉन पी९५० ची लेन्स २४ ते २००० मिमी आहे. २००० भागिले २४, म्हणजे ८३ एक्स. पी१००० ची २४ ते ३००० मिमी, म्हणजे १२५ एक्स. कॅनन पॉवरशॉट एसएक्स७० एचएसची २१ ते १३६५ मिमी, म्हणजे ६५ एक्स. सोनी आरएक्स१० मार्क ४ ची २४ ते ६०० मिमी, म्हणजे फक्त २५ एक्स. (हे सगळे मिमी फुल फ्रेमच्या तुलनेतले आहेत.)

आता गंमत बघा. या यादीत झूमच्या आकड्याने सगळ्यात "कमी" असलेला सोनी किमतीने सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेला आहे. म्हणजे कंपनीलाही माहीत आहे की किंमत नुसत्या एक्सची नसते.

झूमची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते

*पहिली किंमत: प्रकाश.* निकॉन आणि कॅननच्या वरच्या मॉडेलमध्ये १/२.३ इंच नावाचा सेन्सर आहे. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सोनीचा "१ इंच" सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिमी. क्षेत्रफळ काढा, चौपट भरतं. सेन्सर लहान ठेवला म्हणूनच ३००० मिमीची लेन्स हातात मावते, नाहीतर ती तोफेएवढी झाली असती. पण लहान सेन्सर म्हणजे लहान परात. पाऊस तेवढाच पडला तरी पाणी कमी साठतं. शिवाय पी१००० पूर्ण झूमला गेला की छिद्र एफ/२.८ वरून एफ/८ वर येतं, म्हणजे आत येणारा प्रकाश एक अष्टमांश. उन्हात चालून जातं. संध्याकाळी सहानंतर फोटोत कण दिसायला लागतात.

*दुसरी किंमत: हात.* हात लांब करून करंगळी डोळ्यासमोर धरा. तिची रुंदी साधारण एक अंश. २००० मिमीला कॅमेऱ्याच्या फ्रेमची पूर्ण रुंदी जवळजवळ तेवढीच असते. त्या करंगळीएवढ्या जागेत फांदीवर उड्या मारणारा पक्षी शोधायचा आणि हात न हलवता धरून ठेवायचा. कॅमेऱ्यात हात स्थिर ठेवणारी सोय असते, ती खूप मदत करते, पण पक्षी शोधून देत नाही. त्यासाठी निकॉनच्या या मॉडेलला बाजूला एक बटण आहे, दाबलं की झूम थोडा मागे येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत पुढे जातो. कॅननलाही अशीच सोय आहे. दुकानात हे बटण दाबून बघा. सेल्समनला माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, चालेल.

*तिसरी किंमत: वजन आणि बॅटरी.* एसएक्स७० साधारण ६१० ग्रॅम, पी९५० एक किलोच्या आसपास, आरएक्स१० मार्क ४ सुमारे १.१ किलो, पी१००० जवळजवळ १.४ किलो. एका चार्जमध्ये पी१००० सुमारे २५० फोटो देतो, पी९५० सुमारे २९०. पक्ष्यांचं वेड असलेला माणूस एका सकाळी तेवढे सहज काढतो. म्हणजे जादा बॅटरी ही ऐच्छिक वस्तू नाही, ती बजेटमध्येच धरा. कार्ड आणि बॅग पण.

मग कोणाला कोणता?

मी गिऱ्हाइकाला मॉडेल नंतर दाखवते, आधी विचारते: शेवटचे पन्नास फोटो कशाचे आहेत? मोबाईलची गॅलरी खोटं बोलत नाही.

गॅलरीत भिगवणचे रोहित असतील, नांदूर मधमेश्वरची बदकं असतील, घरामागच्या झाडावरचा ठिपक्याएवढा खंड्या असेल, तर सुपरझूम ही अगदी बरोबर भेट. पाण्यावरचे पक्षी लांब असतात, सकाळचं ऊन चांगलं असतं, आपण होडीत किंवा काठावर. इथे १२०० ते २००० मिमी खरंच कामाला येतात. फक्त दुपारी बाराला पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेत कोणताही झूम लावा, चित्र थरथरतंच. त्याला कॅमेरा बदलून उपाय नाही, लवकर उठणं हाच उपाय.

जंगल सफारी असेल तर विचार वेगळा. वाघ सकाळी लवकर नाहीतर सूर्य मावळताना दिसतो, तोही झाडीच्या सावलीत. तिथे १२५ एक्सपेक्षा जास्त प्रकाश घेणारा ६०० मिमीवाला बरा. काही व्याघ्र प्रकल्पांत सफारीला मोबाईल नेऊ देत नाहीत, तेव्हा हातात कॅमेरा असणं ही चैन राहत नाही.

मुलांचं गॅदरिंग, लग्नाचा हॉल, नाट्यगृह: इथे लहान सेन्सरचा सुपरझूम निराश करतो. शेवटच्या रांगेतून मुलीचा चेहरा मोठा दिसेल, पण अंधारात दाणेदार येईल. पुन्हा मोठ्या सेन्सरचाच विचार करा.

ट्रेक आणि प्रवास असेल तर खिशात जाणारे ३० ते ४० एक्सचे छोटे कॅमेरे बघा. कॅनन एसएक्स७४० एचएस तीनशे ग्रॅमच्या आत आहे. गडावर चढताना प्रत्येक शंभर ग्रॅम मोजला जातो, हे चढणाऱ्यालाच विचारा.

कासची फुलं असतील तर? तिथे फुलांत पाय ठेवायचा नसतो, पायवाटेवरूनच फोटो घ्यायचा, त्यामुळे झूम उपयोगी पडतो. जवळच्या फुलासाठी हे कॅमेरे रुंद बाजूला अगदी एक सेंटिमीटरपर्यंतही फोकस करतात. म्हणजे दोन्ही कामं होतात.

आणि गॅलरीत जर सगळे साड्यांचे, केकचे, दागिन्यांचे म्हणजे धंद्याचे फोटो असतील, तर सुपरझूम घेऊच नका. त्या पैशात दोन चांगल्या लाईट आणि स्टँड घ्या. पण मग ती दुकानाची खरेदी झाली, पाडव्याची ओवाळणी वेगळी द्या. मिक्सर आणि इस्त्रीसारखं करू नका.

"मोबाईलमध्येच १०० एक्स येतं की हो"

हा प्रश्न रोज येतो, आणि रास्त आहे. २०२० मध्ये सॅमसंगच्या एस२० अल्ट्राच्या पाठीवर "स्पेस झूम १००एक्स" असं छापलेलं होतं. पण त्यातला काचेचा, म्हणजे खरा ऑप्टिकल झूम साधारण ४ एक्सचा होता. बाकीचं चित्र कापून, ताणून, सॉफ्टवेअरने सावरून दिलेलं. तेव्हापासून मोबाईल बरेच सुधारले, घरातल्या फोटोला तर सुपरझूमपेक्षा आजचा चांगला मोबाईल कितीतरी वेळा सरस पडतो. हे मी दुकानातही लपवत नाही.

म्हणून नियम सोपा: जवळचं, घरातलं, रात्रीचं, माणसांचं असेल तर मोबाईल. लांबचं, उन्हातलं, न हलता बसलेलं असेल तर सुपरझूम. जोडीदाराचे फोटो पहिल्या गटातले असतील तर कॅमेऱ्याचे पैसे वाचवा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या प्रकारच्या कॅमेऱ्यांची भरभराट साधारण २०१४ ते २०१८ मध्ये झाली. पी९०० आला २०१५ ला, पी१००० आणि एसएक्स७० आले २०१८ ला. त्यानंतर नवीन मॉडेल मोजकीच. पॅनासॉनिकचा एफझेड८२डी २०२४ ला आणि निकॉनचा पी११०० २०२५ ला आला, पण जुन्याच मॉडेलची सुधारलेली आवृत्ती, मुख्य फरक म्हणजे यूएसबी-सी. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून अशा उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचं झालंय. म्हणून "पुढच्या वर्षी भारी मॉडेल येईल" म्हणून थांबण्यात फारसा अर्थ नाही. उलट बॅटरी आणि सर्व्हिस किती वर्षं मिळेल, हे आज विचारा.

सरप्राईज न मोडता हातात कसा द्यायचा?

"मॅडम, आधीच दाखवला तर गिफ्टची मजाच गेली." असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे तीन वाटा आहेत.

एक, दोघं मिळून दुकानात या, "भाच्यासाठी बघतोय" म्हणा. जोडीदाराला कॅमेरा गळ्यात घालायला द्या. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरमधून दिसतंय का विचारा. त्याच्या बाजूला नंबर जुळवायची चकती असते, ती फिरवून दाखवायला सांगा. चाळिशी लागलेल्यांना उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही, त्यांचा सगळा भार व्ह्यूफाइंडरवरच असतो.

दोन, पक्षी बघायला जाणारा कोणी ओळखीचा असेल तर एका सकाळी त्यांच्यासोबत पाठवा. तासभर दुसऱ्याचा कॅमेरा हाताळला की आवडनिवड आपोआप तोंडातून येते.

तीन, पाडव्याला पाकिटात चिठ्ठी द्या: "कॅमेरा तू निवडायचा, बजेट इतकं." ताटात खोकं नसेल, चालेल. निवडण्याचा मान दिलाय, तो खोक्यापेक्षा मोठा असतो. ज्या घरात सगळी मोठी खरेदी एकच माणूस करतो, तिथे तर नक्कीच.

बिलाचं बघा, तुम्ही धंदेवाले आहात

कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इथे बऱ्याच दुकानदारांच्या डोक्यात एक कल्पना येते: बिल फर्मच्या नावावर घ्यायचं आणि क्रेडिट घ्यायचं. तसं करू नका. वैयक्तिक वापराच्या आणि भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. बायकोची ओवाळणी धंद्याच्या खर्चात दाखवायची नसते. गल्ल्यातून पैसे घेतले तर वहीत मालकाची उचल म्हणून लिहा. शंका असेल तर आपल्या सीएंना विचारा.

पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्याखालच्या नंबराशी जुळवा. वॉरंटी भारतातली आहे का, हे लेखी घ्या. बाहेरून आलेला माल चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतो आणि लेन्समध्ये बिघाड झाला की कोणीच दारात उभं करत नाही. या कॅमेऱ्यात लेन्स बदलता येत नाही, म्हणजे लेन्स गेली की कॅमेराच गेला.

दुकानदार मित्रांसाठी दोन शब्द

कॅमेरा विकत नसाल तरी हे तुम्हालाही लागू आहे. साडी, घड्याळ, सायकल, मिक्सर, काहीही असो. गिफ्ट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला "बजेट किती?" हा पहिला प्रश्न विचारू नका. "कोणासाठी, आणि ते सध्या काय वापरतात?" हा विचारा. कधी कधी या प्रश्नामुळे महागडी विक्री हातची जाते. त्या होलसेलवाल्या दादांनी शेवटी निम्म्याहून कमी वजनाचा, कमी किमतीचा कॅमेरा नेला. बिल लहान झालं. पण माल परत आला नाही, "तुमच्या सांगण्यावरून घेतला आणि पडून राहिला" असं ऐकावं लागलं नाही. गिफ्ट कपाटात पडलं की दोष दुकानाच्या नावावर लिहिला जातो, हे कायम लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं

आपल्यातल्या बहुतेकांचं दुकान घरच्यांच्या जिवावर चालतं. तुम्ही माल आणायला जाता तेव्हा काउंटरवर कोण बसतं? रात्री दुकान वाढवल्यावर हिशोब कोण जुळवतं? पगाराच्या वहीत तिचं नाव नसतं. काही घरांत बाई दुकान चालवते आणि नवरा नोकरी सांभाळून रविवारी काउंटरला उभा राहतो, तिथे हाच प्रश्न उलटा विचारा.

आता अशा माणसाला तुम्ही २००० मिमीचा कॅमेरा दिलात. तो वापरायचा कधी? पक्षी सकाळी सहा ते नऊ दिसतात. त्या वेळी डबे असतात, दुकान उघडायचं असतं, मालाची गाडी आलेली असते. कॅमेरा कपाटात राहण्याचं सगळ्यात मोठं कारण मी इतक्या वर्षांत हेच पाहिलंय. सेन्सर, झूम, वजन ही कारणं त्याच्या मागे येतात.

म्हणून माझा आग्रह आहे: कॅमेऱ्यासोबत वेळही द्या, आणि तो लिहून द्या. महिन्यातले दोन रविवार, सकाळी पाच ते अकरा, दुकान आणि घर दोन्ही तुमच्याकडे. फोन करून "तो अमका डबा कुठे ठेवलाय" असं विचारायचं नाही. माणूस लागत असेल तर तेवढ्या तासांना माणूस ठेवा आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरा. बजेट पुरत नसेल तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या, पण रविवार कमी करू नका. ६५ एक्सचा कॅमेरा आणि वर्षाला चोवीस सकाळी, हे १२५ एक्स आणि शून्य सकाळींपेक्षा केव्हाही जास्त भरतं. हिशोब तुम्हाला मी काय सांगायचा!

यंदा पाडव्याच्या आधी एवढं एक काम करा: आज रात्री जोडीदाराच्या मोबाईलमधले शेवटचे पन्नास फोटो दोघांनी मिळून बघा. कोणता कॅमेरा घ्यायचा, का घ्यायचाच नाही, ते तिथेच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना पाडव्याच्या आगाऊ शुभेच्छा!